कुल, प्रजाती, जाती

ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलाविषयीचं एक इंग्रजी पुस्तक सध्या मी मराठीत आणते आहे. झाडं, बेडूक, पक्षी, मुंग्या ही प्रकरणं फारशी कुरकुर न करता पार पडली. नववं प्रकरण एका अष्टपाद कुलावर आहे. कुलाचं नाव गोनिलेप्टिडी. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत त्याच्या आठशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा या एका जंगलपट्ट्यात राहतात. प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत ‘हार्वेस्टमन’ हा शब्द आला आणि तिथेच मी आठवडाभर अडकले. माझ्या हाताशी असलेल्या एकाही मराठी कोशात या प्राण्याला स्वतःचं नाव नव्हतं.

प्राणी मात्र आपल्याकडे आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात ओल्या कातळाच्या कपारीत डोकावलं, तर मसुराच्या दाण्याएवढी शरीरं आणि त्यांना केसासारखे लांबलचक पाय, असे पंचवीस-तीस जण एकमेकांत पाय गुंतवून बसलेले दिसतात. जवळ श्वास सोडला की सगळा घोळका एका लयीत वरखाली डुलू लागतो. माझी आई मालवणजवळची. तिला मी फोटो दाखवला आणि विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, “कोळीच तो. दुसरो कोण आसतलो?” आमच्या वडोदऱ्याच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी तोच फोटो पाहून ‘करोळियो’ म्हटलं. माझ्या बंगाली मैत्रिणीने ‘माकडशा’ म्हटलं. सगळ्या भाषांनी त्याला कोळ्यांच्या घरात ढकलून दार लावून घेतलं होतं.

तो कोळी नाही. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात, मध्ये बारीक कंबर असते. याचे दोन्ही भाग असे जुळलेले असतात की कंबर दिसतच नाही. कोळी रेशीम काढतो; याच्याकडे रेशमाची ग्रंथीच नाही, त्यामुळे जाळं नाही. कोळ्याला विष असतं, याला नाही. कोळ्याला बहुधा आठ डोळे असतात. याला दोनच, आणि तेही पाठीवरच्या एका उंचवट्यावर, दोन बाजूंना पाहणारे. कोळी भक्ष्याचा रस करून शोषतो. हा घनपदार्थाचे तुकडे गिळू शकतो. पायांची दुसरी जोडी तो चालण्यापेक्षा चाचपडण्यासाठी वापरतो, आंधळ्या माणसाच्या काठीसारखी. शत्रूने पाय धरला तर तो पाय तिथेच सोडून निघून जातो आणि तो पाय पुन्हा उगवत नाही. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळच्या दगडात याचे सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत, आणि ते आजच्या प्राण्यांशी ओळख पटण्याइतके मिळतेजुळते आहेत. एवढ्या जुन्या घराण्याला दुसऱ्याच्या आडनावाने हाक मारायची, हे मला पटेना.

मग इतर भाषांनी काय केलं ते पाहू लागले. इंग्रजीत तो हार्वेस्टमन, म्हणजे कापणीचा गडी, कारण त्यांच्याकडे तो सुगीच्या दिवसांत शेतात डोळ्यांत भरतो. फ्रेंचमध्ये तो ‘फोशू’, गवत कापणारा. स्पॅनिशमध्ये ‘सेगादोर’, तोही कापणीवालाच. जर्मनमध्ये ‘वेबरक्नेश्ट’, विणकराचा गडी. जो एक धागाही विणत नाही त्याला विणकराच्या हाताखाली ठेवलेलं. शास्त्रीय नाव ‘ओपिलिओनेस’ हे स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ कार्ल याकोब सुंदेवाल याने १८३३ साली रूढ केलं. लॅटिनमध्ये ‘ओपिलिओ’ म्हणजे मेंढपाळ. त्याआधी लिनिअसने १७५८ मध्ये एका युरोपीय जातीला हाच शब्द लावला होता. एक समजूत अशी, की जुन्या काळी काही भागांतले मेंढपाळ कळपावर नजर ठेवायला उंच काठ्या पायाला बांधून चालत, आणि हा प्राणी तसा दिसतो.

सगळी नावं श्रमिकांची आहेत. युरोपने या प्राण्याकडे पाहिलं आणि त्याला राबणारा माणूस दिसला. मराठीत हेच करायला गेलं, तर पाऊल लगेच दुसरीकडे पडतं. कापणीवाला म्हणावं, तर आपल्याकडे हा सुगीत नव्हे, पावसात दिसतो. मेंढपाळाला आपण धनगर म्हणतो, विणकराला कोष्टी किंवा साळी. हे शब्द उच्चारले की काम बाजूला राहतं आणि माणसांची जात पुढे येते. मुळात कोळी हा शब्दच बघा. जाळं टाकून मासे धरणाऱ्यांचा समाज आणि जाळं विणून माशा धरणारा कीटकवजा प्राणी, दोघांना मराठी एकच शब्द वापरते. तो कधी, कसा जुळला ते बाजूला ठेवलं, तरी आज कुणी मुंबईतल्या कोळीवाड्यातलं मूल शाळेच्या पुस्तकात ‘कोळी हा आठ पायांचा प्राणी आहे’ हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचतं, तेव्हा मागच्या बाकावरून हसू येतं, हे आपल्याला माहीत आहे. अशा एका नावाच्या शेजारी मी आणखी एक ‘धनगर’ आणून बसवायचा नव्हता.

पुस्तकाच्या संपादकांचा निरोप आला: सरसकट ‘कोळी’ करून टाका, वाचकाला काय फरक पडतो? प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मला प्रकरण पुढे वाचणं भाग होतं, कारण ते पूर्ण प्रकरणच ‘फरक’ या गोष्टीविषयी आहे.

गोनिलेप्टिडी कुलाची गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात. बारहॅम नावाच्या गावचा पाद्री विल्यम कर्बी हा कीटकांचा मोठा अभ्यासक होता. त्याने दूर ब्राझीलहून आलेल्या एका प्राण्याला १८१९ च्या सुमारास ‘गोनिलेप्टेस हॉरिडस’ असं नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘गोनी’ म्हणजे गुडघा, ‘लेप्टोस’ म्हणजे सडपातळ. ‘हॉरिडस’ या लॅटिन शब्दाचं इंग्रजी भाषांतर करणारा भयंकर, किळसवाणा असं काहीतरी लिहील. पण मूळ क्रियापदाचा अर्थ ताठ उभं राहणं, केस किंवा काटे उभे राहणं असा आहे, आणि त्यावरूनच पुढे शहारणं. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच वाक्प्रचारात आहेत: काटा येणं. या प्राण्याच्या मागच्या पायांवर खरोखरच काटे आहेत आणि पाहणाऱ्याच्या अंगावरही काटा येतो. लॅटिनमधून थेट मराठीत उतरलेली ती एक ओळ मला या सगळ्या कामात फुकट मिळाली.

या कुलातले प्राणी आंबोलीच्या डुलणाऱ्या प्राण्यांसारखे नाजूक नसतात. पाठीवर एकसंध चिलखत, मागे रुंदावत गेलेलं, पेरूच्या आकाराचं. मागचे पाय जाडजूड, काटेरी. नराच्या मागच्या पायाच्या बुडाशी शिंगासारखा आकडा. नर त्या पायांनी एकमेकांशी झुंजतात. मादीला हा सरंजाम बराच कमी. नर आणि मादी इतके वेगळे दिसू शकतात, की कधी कधी त्यांची नोंद दोन वेगळ्या जाती म्हणून झाली. छेडलं की हे प्राणी चिलखताच्या कडेच्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतात. उरुग्वेमधल्या एका जातीच्या या द्रवातून क्लेमेंते एस्ताब्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंना मारणारं द्रव्य वेगळं काढलं, आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्याला कुलाच्याच नावावरून ‘गोनिलेप्टिडीन’ म्हटलं. ब्राझीलमधल्या खेडुतांना हा वास फार पूर्वीपासून माहीत होता. पोर्तुगीजमध्ये लोक या प्राण्याला ‘आरान्या-बोदे’ म्हणतात, म्हणजे बोकड-कोळी.

साओ पावलो राज्यातल्या जंगलात ओढ्याकाठच्या पानांवर याच कुलातली एक जाती राहते, ‘इपोरांगाया पुस्तुलोसा’. जवळच्या इपोरांगा गावावरून हे नाव आलं; ते गावाचं नाव तुपी भाषेतलं, अर्थ सुंदर पाणी. ‘पुस्तुलोसा’ म्हणजे पुटकुळ्या असलेली. हिच्यात मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, त्यांवर चिकट थर देते आणि निघून जाते. राखण करतो नर. एकाच नराच्या पायांखाली अनेक माद्यांची अंडी असतात. संशोधकांनी काही नर तिथून उचलून पाहिले, तेव्हा राखण नसलेली अंडी इतर प्राण्यांनी जास्त प्रमाणात फस्त केली. याच कुलातल्या दुसऱ्या काही जातींमध्ये राखण आई करते, आणि नर आपापला इलाखा धरून बसतात, लांब दुसऱ्या पायाचे फटके मारून प्रतिस्पर्ध्याला हाकलतात. त्यांच्यातच आखूड पायाचे काही नर असतात. ते न झुंजता, गुपचूप दुसऱ्याच्या इलाख्यात शिरतात. एका कुलात एवढ्या तऱ्हांचे संसार.

या संसारांची वर्गवारी कशी झाली, हा प्रकरणाचा मुख्य भाग. त्यात दोन माणसं आहेत. पहिला कार्ल फ्रीडरिख रोएवर, जन्म १८८१, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या संग्रहालयाशी जोडलेला. १९२३ मध्ये त्याने ‘डी वेबरक्नेश्टे डेअर एर्ड’ हा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. नावाचं शब्दशः मराठी करायचं तर ‘पृथ्वीवरचे विणकरांचे गडी’. आयुष्यभरात त्याने या गणातल्या दोन हजारांहून अधिक जातींचं वर्णन केलं. आज जगात साडेसहा हजारांहून थोड्या अधिक जाती ओळखल्या जातात, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांशांना हात लावणारा हा एकटा माणूस. आणि तो जवळजवळ पूर्णपणे संग्रहालयात बसून, दारूत बुडवलेल्या नमुन्यांवर काम करत असे.

त्याची पद्धत हिशेबनीसाची होती. पाठीच्या चिलखतावर आडव्या खाचांनी पडलेले कप्पे असतात. पहिल्या कप्प्यावर काट्यांची जोडी आहे का? तिसऱ्यावर एक काटा की दोन? चौथा कप्पा साधा की गाठींचा? पायाच्या टोकाशी पेरं किती, पाच की सहा की सात? या उत्तरांची एक जुळणी म्हणजे एक प्रजाती. जुळणीत एक आकडा बदलला की नवी प्रजाती. कोष्टक नीटनेटकं होतं आणि कुणालाही वापरता येत होतं. दुसरा माणूस ब्राझीलचा, कांदिदो फिर्मिनो दे मेलो-लेइताओ, जन्म १८८६, पेशाने वैद्यकातून आलेला, पुढे रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्राणिशास्त्राचं काम करणारा. त्यानेही साधारण याच कोष्टकाने मोजलं, आणि अनेकदा रोएवरशी मतभेद ठेवून मोजलं. दोघांनी मिळून या कुलात कितीतरी अशा प्रजाती निर्माण केल्या ज्यांत एकच जाती होती. एका माणसासाठी एक वेगळी वाडी, असा प्रकार.

पुढच्या अभ्यासकांना कळलं, की एकाच जातीच्या दोन व्यक्तींत पेरांची संख्या वेगळी असू शकते. कधी एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या पायांतही. पाठीवरचे काटे वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा उगवले आहेत. सारखे काटे असलेले दोघे भाऊ असतीलच असं नाही, आणि सख्ख्या भावांपैकी एकाची पाठ गुळगुळीत असू शकते. मग नराच्या जननेंद्रियाच्या सूक्ष्म रचनेकडे लक्ष गेलं, कारण ती नात्याची खूण जास्त विश्वासाने सांगते. त्यानंतर डीएनए आला. रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या आद्रियानो कुरी यांनी २००३ मध्ये नव्या जगातल्या अशा जाड चिलखताच्या प्राण्यांची सटीप सूची प्रसिद्ध केली. जुन्या नावांपैकी कुठलं टिकतं, कुठलं दुसऱ्यात विरघळतं, हे एकेक करून तपासलेलं. आजही हे कुल स्थिर नाही. डझनाहून अधिक उपकुलं आहेत, आणि काही बाहेर पडतात. २०१४ मध्ये कुरींनीच एका जुन्या उपकुलाला वेगळं कुल म्हणून बाहेर काढलं: क्रिप्टोजिओबिडी, जमिनीत लपून राहणारे.

इथे मला माझ्याच भाषेच्या एका अडचणीने गाठलं. मराठी पाठ्यपुस्तकांची परिभाषा ठरलेली आहे: संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. हिंदी वर्तमानपत्रांत मात्र ‘प्रजाति’ म्हणजे स्पीशीज. हळूहळू मराठी वर्तमानपत्रांनीही तोच अर्थ घेतला, आणि त्याचं एक कारण मला समजतं: ‘जाती’ हा शब्द लिहिताना हात अडखळतो. ‘नवी जाती सापडली’ हे वाक्य मराठीत निर्मळपणे वाचता येत नाही. म्हणून आपण ‘प्र’ लावतो आणि एक पायरी वर सरकतो, आणि त्या पायरीवर आधी बसलेल्याला जागा उरत नाही. रोएवर आणि मेलो-लेइताओ यांचा सगळा वाद हा जाती आणि प्रजाती यांच्यातल्या रेषेचा वाद आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला तर प्रकरण वाचायचं कारणच संपतं. मी पाठ्यपुस्तकाच्या बाजूने राहिले. ‘जाती’ लिहिलं.

हे सगळं आईच्या शेजारी बसून चाललं होतं, आणि म्हणून जनगणनेची गोष्ट निघाली. २०११ च्या फेब्रुवारीत प्रगणक आमच्या घरी आले, तेव्हा मातृभाषेच्या रकान्याशी थोडा खोळंबा झाला होता. माझा भाऊ म्हणाला, सगळ्यांची मराठी लिहा. वडील बडोद्याचे, त्यांची मराठी गायकवाडी वळणाची, मध्येच गुजराती क्रियापद येणारी. तेही मराठी म्हणाले. आई आतून म्हणाली, माझी मालवणी. प्रगणक गुजराती होते, सभ्य होते. त्यांनी आईला पुन्हा एकदा विचारलं आणि जे सांगितलं ते लिहून घेतलं.

त्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात देशभरातून १९,५६९ वेगवेगळी नावं आली. छाननी आणि एकत्रीकरण होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या. मग दहा हजारांहून अधिक भाषकांच्या मातृभाषा पुन्हा गटांत बांधून १२१ भाषा जाहीर झाल्या. आकडा पाहून मला रोएवरची आठवण झाली, फक्त इथे प्रवाह उलटा होता. त्याने एकाचे अनेक केले. जनगणनेने अनेकांचे थोडे केले. दोन्हीकडे मोजणाऱ्याची गरज खरी आहे. साडेएकोणीस हजार नावांच्या यादीवरून कुठल्याही सरकारला शाळा काढता येणार नाही. त्या नावांत खेड्यांची नावं असतात, जातींची असतात, एकाच भाषेची दहा उच्चारांतली असतात.

कोष्टकात मालवणी सापडते ती कोकणी या भाषेखाली. मी आईला हे सांगितलं, तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली. तिचं शिक्षण मराठीतून झालं, तिने पंचवीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, देवापुढची आरती मराठीत म्हटली, आणि नवऱ्याशी भांडली ती मालवणीत. कोकणी तिला कळते. पण आपण कोकणीभाषक आहोत असं तिने कधी स्वतःला सांगितलं नव्हतं. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मालवणीला कोकणीजवळ ठेवायला सबळ कारणं आहेत. तौलनिक साहित्य शिकताना ती मी वाचली आहेत, आणि ती मला पटतात. आईला मी ती समजावूनही सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मगे आमी खयचे?”

त्या प्रश्नाला भाषाशास्त्राचं उत्तर पुरत नाही. नातं आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नातं बाहेरचा माणूस तपासून सांगू शकतो, आणि अनेकदा तोच बरोबर असतो. ओळख आतला माणूस सांगतो. वर्गीकरण चुकलं तर ते दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी आतल्याने मुळात काय सांगितलं होतं याची नोंद शिल्लक असावी लागते. रोएवरचं कोष्टक मोडीत निघालं तरी अभ्यासकांना पुढे जाता आलं, याचं कारण त्याने पाहिलेले नमुने बाटल्यांत जपलेले होते. ते काढून पुन्हा पाहता आले.

इथे प्रकरण २ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीपाशी येतं. रिओचं राष्ट्रीय संग्रहालय त्या वर्षी दोनशे वर्षांचं झालं होतं. साओ क्रिस्तोवाओचा जुना राजवाडा, आत सुमारे दोन कोटी वस्तू. आग एका वातानुकूलन यंत्राच्या विजेच्या दोषातून लागली, असं पुढे तपासात निघालं. वनस्पतींचा संग्रह आणि मुख्य ग्रंथालय दुसऱ्या इमारतीत होतं, ते वाचलं. कीटकांचे आणि अष्टपादांचे संग्रह राजवाड्यातच होते. मेलो-लेइताओने वर्णन केलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने त्यांत होते. शास्त्रात एखाद्या जातीचं नाव ज्या एका प्रत्यक्ष देहाला बांधलेलं असतं, तो हा मूळ नमुना. शंका आली की त्याच्याकडे परत जायचं. अल्कोहोलच्या बाटल्यांचं आगीत काय होतं ते सांगायला नको.

रोएवरचा संग्रह फ्रँकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयात आहे, सुरक्षित. ब्राझीलच्या प्राण्यांची ब्राझीलमधली साक्ष गेली, जर्मनीतली राहिली. यावर लेखकाने टिप्पणी केलेली नाही, मीही भाषांतरात घातलेली नाही. पण त्या परिच्छेदाला मला इतर कुठल्याहीपेक्षा जास्त वेळ लागला.

त्याच राजवाड्यात भाषांचा संग्रह होता. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषांची १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनची ध्वनिमुद्रणं, त्यांतल्या काही भाषांचा बोलणारा आज कुणी नाही. कुर्ट निमुएंदाजू या अभ्यासकाने आयुष्य घालून जमवलेली टिपणं आणि कागद. एका छपराखाली, एकाच रात्री, बोकड-कोळ्यांचे देह आणि माणसांचे आवाज. जातीचा मूळ नमुना नष्ट झाला तर नियमानुसार नवा नमुना नेमता येतो: त्याच जागी जायचं, तोच प्राणी पकडायचा, पुराव्यानिशी जाहीर करायचं की आता हा मूळचा. त्यासाठी जंगल शिल्लक असावं लागतं. अटलांटिक जंगलाचा बराच मोठा भाग आधीच तोडला गेला आहे. शेवटचा बोलणारा गेलेल्या भाषेसाठी मात्र तसा नियम करता येत नाही.

भाषांतर करणाऱ्याला मूळ संहिता हरवलेली असणं नवीन नाही. मूळ ग्रंथ नष्ट होऊन फक्त भाषांतरं उरलेली कितीतरी पुस्तकं जगात आहेत. अशा वेळी भाषांतरकाराने जिथे सोपं केलं, जिथे दोन शब्दांचा एक केला, तिथे तो फरक कायमचा जातो. मागे जाऊन पाहायला काही नसतं. मेलो-लेइताओची वर्णनं आता अशी आहेत. त्याने आखूड लिहिलं तिथे जाती अंधुक झाली, सविस्तर लिहिलं तिथे ती तगली. संपादकांच्या ‘वाचकाला काय फरक पडतो’ या प्रश्नाला मी जे उत्तर पाठवलं ते साधारण हे होतं, बरंच छोटं करून.

शेवटी मी जे ठरवलं ते असं. जिथे शास्त्रज्ञ बोलतो आहे, तिथे प्राण्याचं नाव ‘ओपिलिओ’. ऑक्टोपस मराठीत राहिला, जिराफ राहिला, हाही राहील. ‘ओपिलिओचे पाय’, ‘ओपिलिओंची राखण’ असं त्याला मराठी प्रत्यय लागतात, कानाला खटकत नाही. पहिल्या उल्लेखाशी दोन वाक्यांत तो कोण आणि कोण नव्हे ते सांगितलं आहे. कुल गोनिलेप्टिडी, प्रजाती आणि जाती पाठ्यपुस्तकाप्रमाणे. पण जिथे इपोरांगाच्या बाजूचा एखादा माणूस बोलतो आहे, तिथे मी ‘बोकड-कोळी’च ठेवलं. तो कोळी नाही हे मला माहीत आहे. त्या माणसाने मात्र कोळीच म्हटलं होतं, आणि त्याच्या तोंडचा शब्द दुरुस्त करणं हे माझं काम नाही. दोन नावं एका पानावर शेजारी राहिली, तर वाचक गोंधळेल असं संपादकांना वाटतं. मला वाटतं, वाचक घरोघरी दोन नावांत वाढलेला असतो. त्याला हे जमतं. प्रकरण त्यांच्याकडे गेलं आहे.

पुढची जनगणना लांबत लांबत आता होऊ घातली आहे. मातृभाषेचा रकाना पुन्हा येईल. आईने मध्यंतरी मला विचारलं, आता काय सांगू? तू शिकलेली, तू सांग. मी म्हटलं, तुझ्या तोंडात जे येतं ते सांग, कुठे ठेवायचं ते त्यांचं ते बघतील. तिने एकदा उच्चारून पाहिलं, मालवणी, आणि म्हणाली, लिहिणाऱ्याला नीट लिहायला सांगायला हवं, गेल्या वेळचा ‘मालवाणी’ म्हणत होता.